वजनाची मागणी

गुरुवारी सकाळी हॉस्पिटलातून फोन आला, तेव्हा निरीक्षक एका किराणा दुकानात तराजूसमोर वाकून उभे होते. वजनमापे खात्यात एकोणीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना बाजारात सगळे 'शून्यसाहेब' म्हणत. दुकानात शिरल्यावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आधी शून्य दाखवा." रिकामा काटा शून्यावर नसेल तर त्याच्यावर पुढे जे काही तोलाल ते खोटं, असं त्यांचं साधं शास्त्र होतं. शिवाय एकोणीस वर्षांत त्यांनी दुकानदारांकडून फुकट घेतलेल्या वस्तूंची संख्याही शून्यच होती.

"सर, बुधवारी अकरा वाजता तुमची डॉक्टरांशी पहिली भेट आहे," फोनवरची नर्स खणखणीत आवाजात म्हणाली. "वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेबद्दल."

निरीक्षकांनी फोन छातीशी दाबला, किराणावाल्याकडे पाहून उगाचच खोकले आणि मागच्या गोदामात गेले.

"जरा हळू बोला," ते पोत्यांच्या आडून कुजबुजले.

"सर, मागच्या दोन वेळा तुम्ही आला नाहीत."

"आलो होतो. गेटपर्यंत आलो होतो."

"मग वर का नाही आलात?"

"एकदा गाडी लावायला जागा नव्हती. आणि एकदा लिफ्टला रांग होती."

जागा भरपूर होती आणि लिफ्टच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, पण ते असो. नर्सला असल्या रांगांची सवय असावी. ती म्हणाली, "पहिली भेट म्हणजे नुसतं बोलणं असतं हो सर. कुणी तुम्हाला लगेच टेबलावर आडवं करत नाही. पण मनाची तयारी करून या. काय काय करायचं त्याची यादी पाठवते."

यादी आली. चार कलमं होती. एक, आपलं आजचं वजन स्वतःहून जाणून घ्या. दोन, काय खाता आणि खाताना मनात काय असतं ते रोज लिहा. तीन, घराबाहेरच्या निदान एका माणसाला या निर्णयाबद्दल सांगा. चार, हे तुम्हाला कशासाठी हवंय ते एका ओळीत लिहा.

निरीक्षकांनी यादी वाचली आणि पहिलं कलम अंगठ्याने झाकलं. सगळ्या गावाला काट्यावर उभं करणारा हा माणूस गेली नऊ वर्षं स्वतः काट्यावर चढला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी ऑफिसात तपासणी शिबिर भरलं होतं. तिथल्या माणसाने त्यांचा आकडा सगळ्यांसमोर वाचला होता आणि मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं होतं. कोण हसलं ते त्यांना आजतागायत कळलं नव्हतं. त्यामुळे ऑफिसातल्या चौतीसच्या चौतीस लोकांवर त्यांचा थोडाथोडा संशय होता.

पण आता टाळून चालणार नव्हतं. गुडघे बोलायला लागले होते, झोपेत श्वास अडकत होता आणि नेहमीच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "आणखी एक वर्ष असंच घालवलंत तर मग मला विचारू नका." निरीक्षकांच्या बायकोने तर त्याहून सोप्या भाषेत सांगितलं.

"या वेळी गेटवरून माघारी फिरलात ना, तर मी एकटी वर जाईन. आणि डॉक्टरांना सांगेन, आमचे हे खाली गाडीत रडत बसलेत."

"मी रडत नव्हतो."

"मग काच वर करून काय करत होतात? अहो, मला तुम्ही हवे आहात. बारीक नाही झालात तरी चालेल, पण हवे आहात."

निरीक्षकांनी वही आणली आणि आधी चौथं कलम पुरं केलं: 'बायकोला मी हवा आहे.'

दुसरं कलम त्यांना फार आवडलं, कारण त्यात मोजमाप होतं. त्यांनी ऑफिसच्या प्रयोगशाळेतला छोटा तराजू रीतसर नोंद करून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहिलं: 'सफरचंद, १८२ ग्रॅम, देठ वगळून. मनात: सफरचंदाविषयी विशेष काही नाही.' त्याखाली: 'बिस्किटे, २ नग. पैकी एक तुटके. मनात: तिसऱ्याचा विचार.' बायकोने वही वाचली आणि म्हणाली, "डॉक्टर ही वही कपाटात ठेवणार नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावतील."

पहिल्या कलमाचं मात्र घोडं अडलं. घरच्या काट्याची मर्यादा एकशे वीस किलो. त्यावर पाय ठेवताच तो एक इंग्रजी अक्षर दाखवून विझला. ऑफिसच्या प्रयोगशाळेत चांगला तीनशे किलोंचा काटा होता, पण तिथे त्या चौतीसपैकी कुणीतरी नक्की असणार. शेवटी रविवारी दुपारी त्यांना गावाबाहेरचा ट्रक तोलायचा वजनकाटा आठवला. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. गाडी काट्यावर घालायची, एकदा आत बसून आकडा बघायचा, एकदा उतरून बघायचा. फरक तो आपला. आपण इतके दिवस हे कसं लक्षात घेतलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

काट्याचा मालक केबिनमध्ये पेपर तोंडावर घेऊन पडला होता. दारात शून्यसाहेबांना बघून तो ताडकन उठला.

"साहेब! आज रविवारी? काट्याला काही झालं का साहेब? शिक्का नवीन आहे, कागद दाखवू?"

"नाही नाही, कागद नकोत." निरीक्षकांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांचा एवढा ओशाळलेला चेहरा मालकाने कधी पाहिला नव्हता. "म्हटलं जरा... वजनाचं बघावं."

"वजनाचं?"

"हो. आणि हे बघा, कुणाला बोलू नका."

आता इथे थोडं थांबायला हवं. आपल्या भाषेत वजन दोन प्रकारचं असतं. एक काट्यावर कळतं. दुसरं फायलीवर ठेवल्याशिवाय फाईल जागची हलत नाही. वजनकाट्याच्या मालकाने आयुष्यात बरेच साहेब पाहिले होते आणि सुटीच्या दिवशी, एकटे येऊन, खालच्या आवाजात 'वजनाचं' बोलणारे साहेब कुठल्या प्रकाराबद्दल बोलतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फक्त या यादीत शून्यसाहेबांचं नाव येईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"समजलो साहेब," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"तुम्ही जरा बाहेर थांबा. पाठ करून."

मालक बाहेर जाऊन पाठ करून उभा राहिला. जाताना त्याने टेबलाचा पैसे ठेवायचा खण थोडा उघडा ठेवला. निरीक्षकांनी खणाकडे पाहिलंही नाही. ते गाडीत बसले, काचेतून आकडा पाहिला, उतरले, पुन्हा पाहिला. फरक एकशे चाळीस. पुन्हा केलं. फरक एकशे पन्नास. मग त्यांच्या लक्षात आलं की ट्रकचा काटा दहा-दहा किलोंच्या उड्या मारतो. पंचवीस टनांच्या ट्रकला दहा किलोंचं काय! आपण माणूस म्हणून आलो ही आपलीच चूक. वैतागून ते केबिनसमोर आले आणि स्वतःशीच बोलावं तसं मोठ्याने म्हणाले, "हे असलं चालणार नाही. मला नक्की आकडा हवाय. बुधवारच्या आत!"

आणि धूळ उडवत गाडी निघून गेली. मालक आत आला. खण जसाच्या तसा होता. म्हणजे एवढ्याने साहेबांचं भागत नाही.

कुणाला बोलू नका म्हटल्यामुळे त्याने फक्त किराणावाल्याला सांगितलं. किराणावाल्याने फक्त बेकरीवाल्याला. सोमवारी सकाळी अख्ख्या बाजारात एकच कुजबुज होती, की शून्यसाहेबसुद्धा वजन घ्यायला लागले. काहींना हळहळ वाटली. बेकरीवाला तर म्हणाला, "मला वाटायचं, एक तरी माणूस असा आहे." आणि मग एक उसासा टाकून तो केक भरायला लागला, कारण बुधवार काही लांब नव्हता.

सोमवारी संध्याकाळी निरीक्षक घरी आले तेव्हा बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. केकची तीन खोकी, बिस्किटांचे डबे, मधाच्या बाटल्या, चॉकलेटं, लोण्याचा पाच किलोंचा डबा. मधोमध बायको डोळे पुसत बसली होती.

"अहो, मला वाटलं नव्हतं तुम्ही एवढं धाडस कराल."

"कसलं धाडस? हे सगळं कुणी आणलं?"

"बाजारातली माणसं येऊन देऊन गेली. यादीत एकालाच सांगा म्हटलं होतं, तुम्ही अख्ख्या बाजाराला सांगितलंत! आता खाण्याच्याच वस्तू का आणल्या, ते विचारू नका. बिचाऱ्यांना दुसरं काय सुचणार?"

"मी कुणालाही काही सांगितलेलं नाही!"

"मग हे काय?" तिने एका खोक्यावरची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यावर लिहिलं होतं: 'साहेब, वजनाचं कळलं. काळजी नसावी. आम्ही आहोत.'

निरीक्षकांनी चिठ्ठी उलटूनपालटून पाहिली. वजनाचं कळलं! म्हणजे तो वजनकाटेवाला पाठ करून उभा नव्हता. त्याने आकडा पाहिला आणि गावभर केला. आता उद्या दुकानात 'आधी शून्य दाखवा' म्हणायला कुठल्या तोंडाने जायचं? "उद्या हे सगळं जिथल्या तिथे परत जाईल," ते म्हणाले आणि वहीत प्रत्येक डब्याची वजनासह नोंद करायला बसले. नोंद करता करता काय झालं ते त्यांनाही कळलं नाही. पण ते प्रामाणिक होते, म्हणून ते लगेच खाली लिहिलं: 'केक, ९४ ग्रॅम. मनात: बदनामी. चव चांगली.'

तेवढ्यात फोन वाजला. मोठे साहेब होते. खात्याचे वरिष्ठ, शिस्तीचे, निवृत्तीला आठ महिने राहिलेले.

"तुमच्याबद्दल एक गोष्ट कानावर आली आहे," ते जड आवाजात म्हणाले. "वजनाबद्दल."

निरीक्षकांनी डोळे मिटून घेतले. "आपल्यापर्यंतही आलं, साहेब?"

"म्हणजे खरं आहे?"

"खरं आहे साहेब. आता लपवून काय उपयोग?"

"कधीपासून चाललंय हे?"

"तसं लग्नानंतर सुरू झालं. पण तेव्हा थोडं थोडं होतं. गेल्या नऊ वर्षांत अगदी हाताबाहेर गेलं."

"नऊ वर्षं! आणि खात्यात कुणाला पत्ता लागला नाही?"

"सैल शर्ट घालतो साहेब. पण शर्टाखाली लपून लपणार किती?"

"शर्टाखाली!" मोठ्या साहेबांच्या आवाजाला कंप सुटला. "घरी माहीत आहे?"

"बायकोला सगळं ठाऊक आहे. खरं तर तिच्याच हातून सुरुवात झाली. पण दोष तिचा नाही हो. समोर आलं की मला नाही म्हणवत नाही."

"अरे देवा! आणि आता?"

"आता काढून टाकायचं ठरवलंय साहेब. बुधवारी एका डॉक्टरांकडे जातोय. या कामात त्यांचा हातखंडा आहे. मोठी टोळीच आहे त्यांची, सगळं बिनबोभाट करतात."

"उद्या सकाळी दहा वाजता माझ्या खोलीत या," मोठे साहेब कसेबसे म्हणाले. "आणि डॉक्टरांना फोन करू नका."

साहेबांना आपली एवढी काळजी आहे हे पाहून निरीक्षकांना भरून आलं. तिसरं कलम आपोआप पुरं झालं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

मंगळवारी दहा वाजता ते मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. कोपऱ्यात नोंदी घ्यायला कारकून बसला होता. मोठ्या साहेबांनी एक निनावी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. निरीक्षक वाचू लागले. 'सदर अधिकाऱ्यांनी रविवारी दुपारी एकटे येऊन वजनाची मागणी केली, ही बाब कोणास सांगू नये असे बजावले व बुधवारच्या आत नक्की आकडा हवा असा दम भरला.'

त्यांनी तो दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी 'वजनाची मागणी' या शब्दांचा दुसरा अर्थ त्यांच्या लक्षात आला.

"साहेब, हे वजन ते वजन नाही!"

"मग कुठलं?"

निरीक्षकांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून चौतीसांपैकी एक होता. "माझं," ते पुटपुटले.

"तुमचंच. तेच तर अर्जात आहे."

"तसं नाही साहेब. माझं स्वतःचं. हे." आणि त्यांनी दोन्ही हातांनी शर्टाकडे बोट दाखवलं. "मला वजन कमी करायचं ऑपरेशन करायचंय. उद्या डॉक्टरांची पहिली भेट आहे. त्यांनी सांगितलं वजन माहीत करून या. घरच्या काट्यावर मी मावत नाही, म्हणून ट्रकच्या काट्यावर गेलो होतो."

मोठ्या साहेबांनी कालचं सगळं बोलणं मनात पुन्हा एकदा उलगडून पाहिलं. शर्ट. बायको. डॉक्टर. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या, पण त्यांनी स्वतःला सावरलं. "माझा विश्वास आहे तुमच्यावर," ते म्हणाले. "पण अर्ज आवक झालाय. उत्तर लेखी द्यावं लागेल. आकड्यासह."

"आकडा कशाला साहेब? एकशे चाळीस ते एकशे पन्नास, असं म्हटलं तर?"

"'अंदाजे वजन खात्यात ग्राह्य धरू नये.' कुणाचं परिपत्रक आहे हे?"

ते परिपत्रक निरीक्षकांचंच होतं. आणि परिपत्रकात पुढे असंही होतं, की काटा आधी प्रमाणित वजनं ठेवून पडताळावा, माप तीनदा घ्यावं, आणि तीनही वेळा दुसऱ्या कर्मचाऱ्याने उभं राहून मोठ्याने वाचावं, म्हणजे ऐकण्यात चूक होणार नाही. या शेवटच्या ओळीचा त्यांना फार अभिमान होता.

ते प्रयोगशाळेकडे निघाले. मंगळवार म्हणजे दुकानदारांनी तराजूंवर शिक्के मारून घ्यायचा दिवस, त्यामुळे बाहेरच्या बाकावर किराणावाला, बेकरीवाला आणि वजनकाट्याचा मालक मांडीवर आपापले तराजू आणि कागद घेऊन बसले होते. साहेबांना मोठ्या साहेबांबरोबर येताना पाहून तिघांच्याही माना खाली गेल्या. अर्ज त्या तिघांपैकी कुणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा तिघांचाही असावा.

कारकुनाने वीस-वीस किलोंची लोखंडी वजनं चढवून काटा पडताळला. मग वजनं उतरवली. काट्यावर शून्य आलं.

"शून्य दाखवतोय साहेब," तो हळूच म्हणाला.

आता पुढे काय, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. निरीक्षकांना एकदा दाराकडे पळावंसं वाटलं. गाडी खालीच होती आणि काचा वर करता येत होत्या. पण एकीकडे एकोणीस वर्षांची इभ्रत होती आणि दुसरीकडे नऊ वर्षांची लाज, आणि दोन्ही एकदम राखायची सोय परिपत्रकात नव्हती. त्यांनी बूट काढले आणि ते काट्यावर चढले.

कारकून भला माणूस होता, पण त्याचा आवाज फळीवरचे डबे हलवणारा होता. "एकशे एक्केचाळीस किलो दोनशे ग्रॅम!" तो गरजला. निरीक्षक उतरले, पुन्हा चढले. "एकशे एक्केचाळीस किलो दोनशे ग्रॅम!" पुन्हा उतरले, पुन्हा चढले. तिसऱ्या वेळी बाहेरच्या बाकावरून कुणीतरी "बरोब्बर" म्हणालं.

निरीक्षक डोळे मिटून वाट बघत उभे राहिले. फिस्सकन आवाज येईल, आता येईल. आला नाही. दारातून किराणावाल्याने डोकं आत घातलं.

"म्हणजे साहेब, तुम्ही खरंच वजनच करायला गेला होतात?"

"मग काय करायला जाणार?"

"काही नाही, काही नाही." त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. मागे वळून तो ओरडला, "अरे, साहेब घेत नाहीत! नुसते जाड आहेत!"

बेकरीवाला आत आला आणि त्याने निरीक्षकांचा हात हातात घेऊन दाबला. वजनकाट्याच्या मालकाने तीनदा माफी मागितली. मोठ्या साहेबांनी स्वतः पाण्याचा ग्लास आणून दिला. मग किराणावाला घुटमळत जवळ आला आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवत म्हणाला, "साहेब, माझ्या मेहुणीने केलंय हे ऑपरेशन. आता जिने चढते. मलाही बायको मागे लागलीये, पण छाती होत नाही. तुम्ही उद्या जाऊन आलात ना, की मला जरा सांगा काय विचारतात ते."

निरीक्षक बूट घालायला बसले. नऊ वर्षं ज्याची धास्ती घेतली ते होऊन गेलं होतं. तीनदा झालं होतं, मोठ्याने झालं होतं, वर त्याची आवक-जावक नोंद होऊन सात प्रती निघणार होत्या, आणि तरी छत जागेवर होतं. कारकून नव्याने कागद भरत विचारत होता, "यांच्या तराजूंना आता शिक्का मारू का?" त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं, की पुन्हा काट्यावर चढून बघावं असं मनात आलं.

सगळे डबे त्याच दिवशी परत गेले. चौऱ्याण्णव ग्रॅम कमी भरलेल्या केकचे पैसे पावतीसह बेकरीवाल्याला मिळाले.

बुधवारी अकराला पाच कमी असताना नवरा-बायको गेटमधून आत शिरले. गाडी लावायला जागा होती. लिफ्ट रिकामी होती. बायको त्यांच्या अर्धं पाऊल मागे चालत राहिली, म्हणजे वळायचं झालं तर वाटेत ती असेल. वरच्या खोलीतल्या खुर्च्या रुंद होत्या आणि त्यांना हात नव्हते. निरीक्षक बसले आणि कुठेही काही अडकलं नाही. एखाद्या खुर्चीने आपला आधीच विचार करून ठेवलाय, हे त्यांना फार दिवसांनी जाणवलं.

नर्सने त्यांना पडद्यामागे नेलं. कोपऱ्यात काटा होता. आकडा दिसायची बाजू भिंतीकडे वळवून ठेवली होती. "इथे कुणी ऐकत नाही हं," ती समजुतीने म्हणाली. पण निरीक्षकांची नजर काट्याच्या बाजूला खिळली होती. पडताळणीच्या शिक्क्याची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती.

बायकोनेही ते पाहिलं. तो चेहरा ती ओळखत होती. आता हे सरळ होतील, खिशातून नोटीस-बुक काढतील, काटा बंद करतील आणि अगदी कायद्याने, मान ताठ ठेवून घरी जातील. पार्किंग आणि लिफ्ट यांच्यापेक्षा हे कारण शंभरपट मजबूत होतं. याला नावं ठेवायची तिचीसुद्धा हिंमत झाली नसती.

"अहो," ती एवढंच म्हणाली.

निरीक्षकांचा हात खिशापर्यंत गेला. तिथे थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो बाहेर काढला, बूट काढले आणि काट्यावर चढले.

नर्स आकड्याकडे वाकली आणि त्यांच्या कानाशी येऊन कुजबुजली, "एकशे छत्तीस."

"चूक," निरीक्षक म्हणाले.

"सर, होतं असं. पहिल्यांदा आकडा ऐकला की सगळ्यांनाच धक्का बसतो."

"अहो, धक्का कसला? काटा चुकलाय! माझं वजन एकशे एक्केचाळीस किलो दोनशे ग्रॅम आहे. काल पडताळलंय, तीनदा. हा प्रमाणपत्राचा कागद बघा. तुमचा काटा पाच किलो खातोय!"

आवाज इतका चढला, की पडदा सारून डॉक्टर आत आले. उंच, हसतमुख गृहस्थ होते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी काट्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं. "मी रोज सकाळी यावर उभा राहतो," ते म्हणाले. "दोन महिन्यांत चांगलं उतरलं म्हणून परवाच बायकोला सांगितलं."

"आता त्यांना परत खरं काय ते सांगावं लागेल," निरीक्षक म्हणाले.

डॉक्टरांनी दिलगिरी व्यक्त केली, काटा आजच दुरुस्तीला पाठवतो म्हणाले आणि फॉर्म पुढे ओढला. "ते होईल. पण आत्तापुरतं एकशे छत्तीसच राहू द्या ना. पाच किलोंनी काय बिघडतंय? नाहीतरी आपण कमीच करणार आहोत."

"एकशे एक्केचाळीस पूर्णांक दोन," निरीक्षक म्हणाले. "खोडून लिहा आणि शेजारी सही करा."

बायको इतका वेळ तोंडावर पदर धरून होती. आता तिला हसू आवरेना, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "नऊ वर्षं या माणसाने मला आकडा कळू दिला नाही," ती डॉक्टरांना म्हणाली. "आणि आज पाच किलो जास्त लावून घ्यायला भांडतोय!"

"भांडू नको तर काय?" निरीक्षक त्या रुंद खुर्चीत नीट सरसावून बसले. "कमी करायचे ते मी करीन, डॉक्टर. तुम्ही सांगाल तसं करीन. काट्याने परस्पर कमी केलेले मला नकोत."

डॉक्टरांनी आकडा खोडला, नवा लिहिला आणि शेजारी सही केली.